गाडीचा डावा हात

मामाजींच्या गाडीचा हात दुरुस्त केला तो मी. चाचानं नाही. वाक्य एवढंसंच आहे, पण ते मी आजवर तोंडातून काढलेलं नाही. बायकोला सांगितलं नाही, आईला सांगितलं नाही. आई तर ते न ऐकताच गेली. ज्याला सांगायला हवं होतं त्याला सांगावंच लागलं नाही, कारण त्यानं पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. म्हणून मी सुटलो, असं बरीच वर्षं वाटत राहिलं. आता केस पिकले, मामाजी राहिले नाहीत, ती गाडी भंगारात गेली. सुटलो मात्र नाही.

गाडीचा हात म्हणजे काय, हे आजच्या माणसाला समजावून द्यावं लागेल. आता गाड्यांना उघडमीट करणारे दिवे असतात. तेव्हाच्या विलायती गाड्यांना ते नव्हते. पुढचं दार आणि मागचं दार यांच्या मधल्या खांबात, दोन्ही अंगांना, एक उभी फट असायची. त्या फटीत वीतभर लांबीचा चपटा हात मिटून पडलेला असायचा. ड्रायव्हरनं समोरच्या फळीवरची किल्ली, म्हणजे फिरवायचं बटण, डावीकडं फिरवली की डावा हात खटकन आडवा बाहेर यायचा, उजवीकडं फिरवली की उजवा. आणि त्याच्या पोटातला नारिंगी दिवा लागायचा. ड्रायव्हरला मात्र तो दिसत नसे, कारण खांब त्याच्या पाठीमागं. रस्त्यावरच्या लोकांना दिसायचा. आमच्या वाशीमच्या अनसिंग रस्त्यावरच्या गाडीवानांनी ही खूण फार लवकर उचलली होती. ज्या अंगाचा हात, त्या अंगाले मोटार. तेवढं बघून ते बैलांचा कासरा ढिला सोडत किंवा ओढून धरत.

मामाजी म्हणजे माझे सासरे. वाशीमला गावाबाहेर त्यांचा जिन होता, म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना. पोटी एकच मुलगी. मी इंझोरीकडचा, बेताच्या घरातला तिसरा मुलगा, अमरावतीला इंटरपर्यंत सायन्स शिकलेला. लग्नानंतर ती आमच्या घरी यायच्या ऐवजी मी तिच्या घरी गेलो. पन्नास सालाच्या आसपासची ही गोष्ट, दोन-तीन वर्षं पुढं-मागं.

त्या घरात मला काही कमी नव्हतं, हे आधी सांगतो. नाहीतर कुणी म्हणेल, जेवू घातलं त्याच्यावरच उलटला. जेवायला चांदीचं ताट होतं. पण पाण्याचा तांब्या मला उचलू देत नसत. विहिरीवर गेलो की गडी हातातून बादली घ्यायचा. बाजारात निघालो की मागून एक माणूस पिशवी धरून चालायचा. जिनात गेलो की मुनीम उठून उभा राहायचा आणि मी असेपर्यंत बसायचा नाही, म्हणजे त्याचं काम व्हावं म्हणून मलाच निघून यावं लागे. एकदा माडीच्या जिन्याची एक फळी हलत होती, ती ठोकायला मी हातोडी घेऊन बसलो. आवाज ऐकून मामाजी आले. रागावले नाहीत. हातोडी माझ्या हातातून अलगद काढून घेतली आणि म्हणाले, "जावईबापू, लोकं काय म्हनतीन? जावई आनला का सुतार?" त्या दिवसानंतर घरातली सगळी हत्यारं कुलपात गेली.

अमरावतीला वसतिगृहात मी बंद पडलेल्या विजेऱ्या दुरुस्त करत असे, तिथल्या रेक्टरसाहेबांच्या दारावरची विजेची घंटा मीच लावून दिली होती. फार मोठी विद्या नव्हती, पण हाताला ती सवय होती. वाशीमला आल्यावर हे हात नुसते मांडीवर ठेवायचे. दिवस उजाडायचा, चहा यायचा, जेवण यायचं, दुपार यायची. दुपारी सगळं घर झोपायचं आणि मी माडीच्या खिडकीत बसून फाटकाकडं पाहत राहायचो. फाटक उघडंच असायचं. उठून इंझोरीला जायला मला कुणी आडवं येणार नव्हतं. पण तिथं गेलो असतो तर बाप म्हणाला असता, पोरा, तिथं काय कमी होतं?

त्या घरात माझ्या देखत बिडी ओढणारा माणूस एकच होता, गाडीचा ड्रायव्हर. बाकीचे मला पाहून बिडी विझवायचे. तो चाळिशीचा असेल. आधी हिंगोली रस्त्यावर मालाची लॉरी चालवायचा. सगळं गाव त्याला चाचा म्हणायचं. मामाजी तेवढे मिया म्हणत. गाडी ठेवायच्या शेडमागं मी चोरून सिगारेट ओढायचो ते चाचाला ठाऊक होतं, आणि कुणी यायला लागलं की तो शेडच्या पुढून मुद्दाम खोकायचा.

त्या साली ऐन कापसाच्या दिवसांत गाडीचे दोन्ही हात मेले. किल्ली फिरवली तरी काही होईना. चाचानं मनावर घेतलं नाही. खिडकीतून स्वतःचा हात बाहेर काढून दाखवायचा आणि गाडी वळवायचा. मी विचारलं तर म्हणाला, "अल्लानं देल्ला हात हाये बापू. याचा बल्ब जात नाई."

मामाजींनीही मनावर घेतलं नसतं. पण कारंज्याचा एक कापसाचा व्यापारी जिनात आला, त्यानं चाचाचा बाहेर काढलेला हात पाहिला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "काहून शेठ, गाडी थोटी झाली काय?" जिनातली माणसं हसली. मामाजीही हसले, पण घरी आल्यावर चाचाला म्हणाले की उद्याच्या उद्या अकोल्याला ने. चाचा म्हणाला की सीझन होऊ द्या मालक, आत्ता गाडी दोन दिवस अकोल्याला अडकली तर तुमीच बोंबलान. ते खरं होतं. मामाजींनी गाडी पाठवली नाही. मात्र पुढं रोज जेवताना, वाढणाऱ्या बाईला ऐकू जावं असं, ते एकदा तरी म्हणायचे की आपली गाडी थोटी हाये म्हने.

मी ऐकत होतो. मला वाटलं, हे आपण करू शकतो.

एका दुपारी सगळं घर झोपलं आणि चाचा नमाज आणि जेवणासाठी घरी गेला तेव्हा मी शेडमध्ये शिरलो. ती शेड पूर्वी घोड्याची पागा होती, अरुंद. गाडी डाव्या भिंतीला चिकटून उभी असायची, त्या बाजूनं माणूस जाऊ शकत नसे. मी स्वयंपाकघरातून एक जुनी सुरी आणि कंदिलातलं थोडं घासलेट आणलं होतं. आधी उजव्या खांबातला हात नखानं ओढून बाहेर काढला. सांध्यात धुळीचा थर बसला होता, तो घासलेटानं धुतला. आतला दिवा त्याच्या जागी खुळखुळत होता. सिगारेटच्या पाकिटातली चांदी काढून, घडी घालून त्याच्या बुडाशी दाबली. तो घट्ट बसला. मग समोरच्या फळीतून किल्ली सोडवली आणि पालथी करून पाहिली. मागच्या पितळी टोकांवर हिरवा कळंक चढला होता. वीज तिथंच अडत होती. टोकं खरवडायला दोन्ही तारा सोडवाव्या लागल्या. दोन्हींच्या वरचं कापड जुनं होऊन एकाच काळ्या रंगाचं झालं होतं. खूण बांधावी असं मनात आलं होतं. पण डावी डावीकडं, उजवी उजवीकडं, यात लक्षात ठेवायचं काय, असं म्हणून मी सुरी चालवली.

टोकं चकचकीत झाली. तारा पुन्हा लावल्या. किल्ली हातात पालथी होती हे मी विसरलो. पालथ्या वस्तूची डावी बाजू सुलटी केल्यावर उजवी होते, एवढी साधी गोष्ट. किल्ली फळीत बसवली, बाहेर उभा राहून खिडकीतून हात घालून फिरवली, आणि माझ्या खांद्याजवळ खटकन आवाज झाला. हात बाहेर आला होता. दिवा लागला होता. किल्ली मी कुठल्या बाजूला फिरवली, हे मी पाहिलंच नाही. डावा हात भिंतीआड होता, तो पाहायला गाडी पुढं ढकलायला हवी होती. मी ढकलली नाही. आठ-दहा वेळा तोच हात काढला आणि मिटला. लग्न झाल्यापासून त्या घरात मी इतका खूश कधीच झालो नव्हतो.

हात राखेनं धुतले. रात्री जेवताना बायको हळूच म्हणाली की तुमच्या हाताले घासलेटचा वास येऊन राह्यला. मी कंदिलाचं काहीतरी सांगितलं.

सकाळी चाचानं गाडी अंगणात काढली आणि सवयीनं किल्ली चाळवली. मामाजी ओट्यावर दात घासत उभे होते, गाडीच्या उजव्या अंगाला. हात निघाला. मामाजींनी तांब्या खाली ठेवला. म्हणाले, पुन्हा टाक. चाचानं किल्ली दुसऱ्या बाजूला फिरवली असणार, कारण मामाजी म्हणाले, मिटला, पुन्हा टाक. चाचानं पुन्हा फिरवली. हात निघाला. मामाजी मोठ्यानं म्हणाले की मिया, अकोल्याच्या मिस्त्रीच्या तोंडात मारली तू. कधी केलं?

चाचा गाडीतून उतरला. हात पाहिला, फट पाहिली. मी ओट्याच्या पायरीवर उभा होतो. त्यानं माझ्या नखांकडं पाहिलं. राखेनं घासूनही काळं राहिलं होतं. मग तो मामाजींना म्हणाला की झालं असंच, मालक. नाही म्हणाला नाही, हो म्हणाला नाही. जावयानं चोरून गाडीत हात घातले हे त्या अंगणात उघडं पडू नये म्हणून त्यानं ते कौतुक अंगावर घेतलं. मामाजी आत गेल्यावर तो माझ्याजवळ आला, खिशातला फडका दिला आणि हळू आवाजात विचारलं, "दोन्हीकडचे पाह्यले ना बापू?"

मी म्हणालो, "पाह्यले."

हे खोटं होतं. एकच पाहिला होता. त्यानं माझ्या शब्दावर पुढं काही तपासलं नाही. एका मिस्त्रीनं दुसऱ्या मिस्त्रीचं मानावं तसं मानलं. मला त्या घरात तसं कुणीच मानलं नव्हतं.

त्याच दुपारी मी खिडकीत बसलो होतो. चाचा गाडी घेऊन फाटकाबाहेर पडला आणि डावीकडं वळला. वळताना उजव्या अंगाचा हात बाहेर आला, नारिंगी, स्वच्छ, माझ्याकडं तोंड करून.

काय झालं ते तेवढ्यात कळलं. किल्ली पालथी, तारा उलट. उपाय हातभर अंतरावर होता, दोन तारांची अदलाबदल. संध्याकाळी चाचा गाडी धूत होता तेव्हा मी खाली गेलो. तोंड उघडणार तेवढ्यात ओट्यावरून मामाजींचा आवाज आला: "जावईबापू, तिथं काहून उभे? कपडे खराब होतीन." मी परत फिरलो. चाचानं मान वर करून पाहिलं आणि पुन्हा फडका फिरवायला लागला. दुसऱ्या दिवशी दुपारी शेडमध्ये जायचं ठरवलं, तर गाडी सासूबाईंना घेऊन केनवडला पाहुण्यांकडं गेली होती.

अडचण एवढीच होती असं मी पुढं स्वतःला सांगत आलो. पण आता लिहायलाच बसलो आहे तर पूर्ण लिहितो. चाचाला बाजूला घेऊन एक वाक्य सांगायला मला सवड मिळाली असती. जिनात, शेडमागं, कुठंही. मी सांगितलं नाही, कारण दोन वेळच्या जेवणात मामाजी त्या हाताची तारीफ करत होते, आणि नाव चाचाचं असलं तरी ती तारीफ माझी होती. ती मला गोड लागत होती. तिच्यात खोट आहे हे कुणाला, चाचालासुद्धा, कळू नये असं मला वाटत होतं. आपण कुणाच्या लक्षात न येता कधीतरी नीट करून टाकू. एवढंच.

मामाजींनी चाचाला आणखी एक बजावलं होतं. गाडीला हात आला, आता तुझा हात आत ठेवायचा. हा काय खटारा आहे?

मग तिसऱ्याच दिवशी कारंज्याचा तो व्यापारी पुन्हा आला. मामाजींनी मुद्दाम त्याला गाडीत घातलं आणि अनसिंगपर्यंत कापूस दाखवायला नेलं. मलाही बरोबर घेतलं. पाहुण्यासमोर जावई बरोबर असावा लागतो. पाहुणा पुढं, चाचाच्या शेजारी. मागं उजवीकडं मामाजी, डावीकडं मी. जाताना सरळ रस्ता होता, कुठं वळायचं नव्हतं. परत येताना गाव जवळ आलं तसं मामाजी पाहुण्याला सांगायला लागले की आता बघा आमचा हात. मियानं घरी केला. अकोल्याले न्यावं नाई लागलं.

जिनाचं फाटक रस्त्याच्या उजव्या हाताला होतं. डाव्या हाताला, त्याच्या जवळजवळ समोर, मळ्याकडं जाणारी गाडीवाट फुटत होती. समोरून एक बैलगाडी येत होती. गाडीवान जिनात कापूस टाकून, गावात जाऊन, रिकामी गाडी घेऊन घराकडं निघालेला, बैल घरच्या ओढीनं दुडक्या चालीवर. फाटक जवळ येताच चाचाचा उजवा हात सवयीनं खिडकीबाहेर गेला.

मामाजी म्हणाले, "हात अंदर घे मिया. गाडीले हात हाये."

चाचानं हात आत घेतला आणि किल्ली उजवीकडं फिरवली. मी ती फिरताना पाहिली. लगेच माझ्या डाव्या कानाजवळ खटकन वाजलं. खांबातून हात बाहेर गेला होता. काचेतून त्याचा नारिंगी उजेड माझ्या धोतरावर पडला होता. गाडीवानानं तो पाहिला, हे मला दिसलं. मोटार मळ्याकडं जाणार असं समजून त्यानं कासरा ढिला सोडला.

त्या वेळी मी तोंड उघडायला हवं होतं. चाचा, थांबा. दोन शब्द. मला वेळ होता. कमी होता पण होता. माझ्या मनात त्या क्षणी गाडीवान नव्हता, बैल नव्हते. माझ्या मनात होतं की थांबा म्हटलं तर मामाजी विचारतील, काहून? आणि पाहुणा मान वळवून पाहील.

चाचानं गाडी उजवीकडं घातली. बैल थेट समोर आले. चाचानं ब्रेक दाबला, पण जू गाडीच्या नाकाडावर आदळलंच. एक बैल गुडघ्यावर बसला आणि मग कुशीवर पडला. पुढचा पाय जिथं वाकू नये तिथं वाकला होता. गाडीवान उडून पडला होता; कपाळातून रक्त येत होतं, तरी तो आधी बैलाकडं गेला आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला. गाडीत आम्हा कुणाला काही झालं नाही.

जिनातली माणसं धावली. गाडीवान ओरडला नाही. तो एकेकाला तेच सांगत होता, जणू आपल्यालाच पटवून देत होता: हात तिकडं दाखोला अन् गाडी इकडं घातली. चाचा म्हणाला की नाही, मी उजवीकडंच फिरोली होती. तेव्हा त्या व्यापाऱ्यानं आत वाकून स्वतः किल्ली फिरवून पाहिली. उजवीकडं फिरवली, डावा हात. डावीकडं फिरवली, उजवा. तो म्हणाला, "शेठ, थोटी होती तेच बरं होतं. यानं तर उलटे हात बसोले."

बैल पडलेला असताना, रक्त दिसत असताना, काही माणसं हसली. मला ते हसू अजून ऐकू येतं.

मामाजींचा चेहरा काळवंडला. त्यांनी विचारलं, "मिया, हे कोनं केलं?"

चाचानं माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत काही मागणं नव्हतं, असं मी पुढं अनेक वर्षं स्वतःला सांगितलं. तेही खोटं आहे. मागणं होतं. त्यानं वाट पाहिली. मी धोतराची निरी पाहत राहिलो. मग तो म्हणाला, "म्याच केलं, मालक."

मामाजी म्हणाले की ज्याला डावं-उजवं कळत नाही त्याच्या भरवशावर मी माझं घर गाडीत बसवत होतो. गाडीच्या चाव्या तिथंच, सगळ्यांसमोर मागून घेतल्या. गाडीवानाला त्यांनी बैल घेऊन दिला, कपाळाची पट्टी करून दिली. ते त्या बाबतीत सरळ होते. चाचाचं काय झालं याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं.

काही दिवसांनी चाचा त्याचा खाकी कोट परत द्यायला आला. मी त्याची वाट पाहत शेडमागं उभा होतो. सिगारेट पुढं केली, ती त्यानं घेतली. मी म्हणालो की मी सांगतो मामाजींना. आजच सांगतो. मी हे कशा आवाजात म्हणालो ते त्याला ऐकू आलं असणार, कारण तो थोडा हसला.

"ऱ्हाऊ द्या बापू," तो म्हणाला. "मले दुसरी गाडी भेटन. तुमाले दुसरं घर कुटून भेटन?"

मी ते ऐकलं आणि मला हलकं वाटलं. लाज नंतर वाटली. आधी हलकं वाटलं.

त्याला दुसरी गाडी भेटली नाही. लॉरीवाल्यांकडं गेला की ते गमतीनं म्हणायचे, चाचा, डावा हात वर कर बरं. पहिल्यांदा गंमत असायची, काम मात्र द्यायचे नाहीत. त्याला गाडी चालवता येते की नाही हा प्रश्नच नव्हता. ज्याच्यावर गाव हसतं त्याच्या हाती कुणी माल देत नाही. शेवटी त्यानं मोटारस्टँडजवळ, एका चहाच्या हॉटेलाशेजारी, पोतं अंथरून स्टोव्ह आणि कंदील दुरुस्त करायला सुरुवात केली. पुढं त्याचा मुलगाही तिथंच बसायला लागला. त्यानंही कधी स्टिअरिंगला हात लावला नाही. लोकांनी लावू दिला नाही म्हणा.

नवीन ड्रायव्हर आला. त्यानं आल्या आल्या दोन तारांची अदलाबदल केली. बसल्या जागी, मामाजींशी बोलता बोलता. मी खिडकीतून पाहत होतो.

माझे दिवस आधीसारखेच सुरू झाले. चहा, जेवण, दुपार. फरक एवढा की आता मला त्या घराबाहेर पडायचीही भीती वाटायला लागली. बाजारात जायचं तर मोटारस्टँडवरून जावं लागे. मागं पिशवीवाला माणूस, पुढं पोत्यावर चाचा. तो मान वर करून म्हणायचा, "बरं हाये ना बापू?" मी बरं आहे म्हणायचो आणि चालायला लागायचो. मग मी बाजारात जाणं कमी केलं. मग सोडलं. घरच्यांना वाटलं, जावई रुळला.

मामाजी गेले, जिन माझ्याकडं आला. मुनीम अजूनही उठून उभा राहायचा. आता मालक म्हणून. तेव्हा मी चाचाला निरोप पाठवून शेडमध्ये बोलावलं. तो आला. दाढी पांढरी झाली होती. मी म्हणालो की गाडी तुम्ही चालवा, आता तुम्हाला कुणी काही बोलणार नाही. त्यानं गाडीच्या खांबावर हात फिरवला, ती फट बोटानं चाचपली. म्हणाला की डोळे ऱ्हायले नाई बापू. मग मी ते बोललो, जे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं: चूक माझी होती. त्यानं फटीतलं बोट काढून घेतलं. नंतर म्हणाला, "नाव चारचौघात गेलं बापू. इथं शेडमंदी वापस कसं भेटन?"

रागानं म्हणाला नाही. एखादा स्टोव्ह पाहून, हा इथं होणार नाही, असं गिऱ्हाइकाला सांगावं तसं म्हणाला. आणि गेला.

याला काही वर्षं झाली. मध्यंतरी एक दिवस मी घाईत चपला उलट-सुलट घातल्या, तर माझी मुलगी हसून म्हणाली, "बाबा, चाचाचा हात झाला तुमचा." मी विचारलं, हे कुठून शिकलीस? ती म्हणाली, शाळेत सगळेच म्हणतात. कोण चाचा ते तिला ठाऊक नव्हतं. वाशीमला आता कुणी चुकीच्या बाजूला वळलं, सदऱ्याचं बटण चुकलं, की लोक म्हणतात चाचाचा हात झाला. म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांना तो माणूस रोज दिसतो आणि त्याचाच हा हात आहे हे माहीत नसतं. बायको तेव्हा चुलीपाशी होती. तिनं वळून माझ्याकडं पाहिलं नाही. घासलेटचा वास तिला आठवतो की नाही, हे मी विचारलेलं नाही.

शेडमध्ये जे बोललो ते मी बोलणं धरत नाही. त्याच्यापुरतं बोललो, आणि त्याला ते ठाऊकच होतं. हे लिहिलं तेही धरत नाही. चाचाला वाचता येत नाही आणि हॉटेलात बसणारे असलं काही वाचत नाहीत.

देणं आहे ते असं. बाजाराच्या दिवशी, त्या हॉटेलाची बाकडी भरलेली असताना, चाचा शेजारी पोत्यावर बसून ऐकत असताना, मी उभं राहून सांगायचं की तारा मी उलट लावल्या, दोन्ही हात पाहिले असं मी खोटं सांगितलं, आणि विचारलं तेव्हा मी गप्प बसलो. चाचा अजून तिथं बसतो. मी ते अजून सांगितलेलं नाही.